एफ-वन दाबण्याआधी

मी डबडं बोलतोय. हे नाव मी घेतलेलं नाही, मला दिलेलं आहे. जन्माने मी संगणक, वय वर्षं चौदा, रंगाने एकेकाळी काळा आणि आता धुळीचा. आत्मकथा सांगायला बसलेल्या वस्तूने गरीब आवाजात बोलावं, झालं-गेलं विसरावं, अशी लोकांची अपेक्षा असते. ते एखाद्या छत्रीला जमेल. मला राग आलाय, आणि तो मी गिळणार नाही. गेल्या आठवड्यात या घराने मला दोनदा मेलेला ठरवलं, आणि दोन्ही वेळा मी जिवंत होतो. नुसता जिवंत नव्हे, पडद्यावर ठळक अक्षरांत माझा आजार लिहून दाखवत होतो. तो वाचायला कुणाला सवड झाली नाही.

माझा जन्म कारखान्यातला नाही. एका अरुंद दुकानात, दोन पायऱ्या उतरून जावं लागे असं दुकान, तिथे एका माणसाने टेबलावर माझे अवयव मांडले आणि तासाभरात मला जोडलं. विकत घेणारे शेजारी उभे राहून बघत होते. ते मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी चुका शोधणारे. आयुष्यभर लोकांच्या ओळी तपासल्यामुळे त्यांना कशावरही पटकन विश्वास बसत नसे. "हा स्क्रू राहिला," ते म्हणाले. जोडणारा म्हणाला, "काका, तो जास्तीचा आहे." राहिलाच होता. अजूनही माझी डावी बाजू थोडी खुळखुळते.

त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. अण्णांची मुलगी तेव्हा शाळेत होती. माझ्यावरच ती टाइप करायला शिकली, आणि हात इतका बसला की किल्ल्यांवरची अक्षरं पुसली गेली तरी तिचं काही अडलं नाही. पुढे बापलेकीत वाटणी झाली. तिने हस्तलिखितं टाइप करायची, त्यांनी तपासायची. दिवसभर घरात माझ्या पंख्याचा आवाज आणि अण्णांचं "इथे काना राहिला गं," एवढंच ऐकू येई.

माझ्या पोटात एक नाण्याएवढा सेल आहे. भिंतीवरचं बटण बंद झालं की मला बाहेरची वीज मिळत नाही. तेव्हा दिवस, तारीख, आणि सकाळी उठल्यावर आधी कुठे बघायचं, हे एवढंसं लक्षात ठेवायचं काम त्या सेलचं. तीन वर्षांपूर्वी तो थकला. अण्णा रोज रात्री बटण बंद करत, त्यामुळे तेव्हापासून रोज सकाळी उठताना मी लिहू लागलो की सेलमध्ये जीव उरलेला नाही, लक्षात ठेवलेलं सगळं गेलं, पहिल्या दिवशीची मांडणी परत लावली आहे, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. अण्णा एफ-वन दाबायचे. मग घड्याळाला किल्ली द्यावी तशी तारीख नीट करायचे आणि चहाला जायचे. पोटात डिस्क एकच होती, त्यामुळे आधी कुठे बघायचं हा प्रश्नच नव्हता. चालून जायचं. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाने माझी ओळ तीन वर्षांत एकदाही वाचली नाही. त्यांच्यावर मी रागावत नाही असं म्हणायचा माझा विचार होता, पण रागावतोच.

मग मुलीचं लग्न झालं. अण्णांनी मला दोन गोधड्यांच्या मध्ये घालून खोक्यात बसवलं आणि टेम्पोत चढवताना चारदा सांगितलं, "उभा ठेवा. आडवा करू नका." मला आडवाच नेलं.

सासरच्या घरी खोकं उघडलं तेव्हा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, माहेरहून हे डबडं आणलंत? भंगारवाल्याकडे तुमच्याच गल्लीत द्यायचं ना, वाहतूक वाचली असती." सगळे हसले. तीही हसली. नव्या सुनेला हसावं लागतं. मी मोजून ठेवलं.

मला शिवणयंत्राशेजारी कोपऱ्यात ठेवलं. पहिल्या आठवड्यात माझ्यावर वाळलेल्या कपड्यांची चळत आली, दुसऱ्या आठवड्यात पाण्याचा तांब्या. पाण्याचा तांब्या, विजेवर चालणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर. ती तो मुकाट्याने उचलून खिडकीत ठेवी आणि सासूबाई मुकाट्याने परत आणून ठेवीत. दोघींत त्यावरून एक शब्द झाला नाही. शब्द झाला असता तर बरं झालं असतं.

आता घरातली माणसं सांगतो, फार नाहीत. नवरा रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. स्वभावाने चांगला, पण घरातला कुठलाही प्रश्न ज्याचा त्याच्याकडे ढकलण्यात पटाईत. सासरे चाळीस वर्षं वायरमन होते. एकदा चालू राहिलेल्या इस्त्रीपायी जळालेलं घर त्यांनी आतून पाहिलं आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी फिरायला निघण्याआधी ते खोलीखोलीतून जातात आणि भिंतीवरची सगळी बटणं बंद करतात. टक्, टक्, टक्. सासूबाईंचं वजनकाट्याशी भांडण आहे. त्या रोज त्यावर उभ्या राहतात आणि रोज त्याला नावं ठेवतात. धाकटा दीर मोबाइलच्या दुकानात पडद्यांना काचा चिकटवतो. घरात त्याला 'इंजिनियर' म्हणतात. आधी थट्टेने म्हणत. मग त्याने ते खरंच धरलं.

अण्णांच्या मुलीला काम मिळालं होतं. छापखान्यातल्या बाईंनी एका निवृत्त शिक्षकांचं गवतांवरचं हस्तलिखित पाठवलं, दोनशे बारा पानं. अक्षर असं की गवत बरं. बाई म्हणाल्या होत्या, "शनिवारी दुपारी बारापर्यंत पूर्ण द्या. बिनचूक झालं तर पुढचं सगळं काम तुमच्याकडे. नाहीतर दुसरी एक जण वाट बघत्येय." या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एक कपाटातला खण होता आणि मी होतो. हे काम लागलं तर मला टेबल मिळणार होतं आणि तिला दिवसाचे चार तास. म्हणून ती रोज दुपारी माझ्यासमोर बसायची. रविवारपर्यंत दीडशे पानं माझ्या जुन्या डिस्कमध्ये जमा झाली होती.

आणि रविवारी इंजिनियरला दया आली.

"किती रखडतंय हे, वहिनी. याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो. जुन्या मशीनला एकदम हलकं. घोड्यासारखं पळेल."

"माझ्या फाइली आहेत त्यात," ती म्हणाली.

"फाइलींना हात लावत नाही. टेन्शन नका घेऊ."

लिनक्सबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. ते माझ्या अंगाला बसलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या वयाचा विचार करून कपडे शिवल्यासारखं वाटलं. माझा राग शिंप्यावर आहे. त्याने एका फुटक्या लॅपटॉपमधली छोटी डिस्क काढून माझ्या पोटात दुसरी म्हणून बसवली आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स तिच्यावर उतरवलं. जुन्या डिस्कवरचा जुना कारभार पुसला, तिच्या फाइलींचा भाग तेवढा ठेवला. मग माझ्या आतल्या मांडणीच्या निळ्या पानावर जाऊन सांगितलं की उठल्यावर आधी नवी डिस्क बघ. इथवर सगळं ठीक. मी पळालो. खरंच घोड्यासारखा पळालो. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "अगंबाई, आवाज कमी झाला की याचा."

संध्याकाळी सासरे फिरायला निघाले. टक्.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा कोरा होतो. नवी डिस्क आधी बघायची, हे ज्याने लक्षात ठेवायचं तो सेल मेलेला. सवयीने मी जुन्या डिस्ककडे गेलो. तिथे आता सुरू करण्यासारखं काही नव्हतं. पण त्याआधी मी माझी रोजची ओळ लिहिली होती. सेल संपलाय, लक्षात ठेवलेलं गेलं, पहिली मांडणी लावली आहे. तिने माहेरच्या सवयीने एफ-वन दाबला. मग दुसरी ओळ आली, की सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही. तिने दिराला हाक मारली.

दीर आला. त्यानेही एफ-वन दाबला. दुसरी ओळ अर्धी वाचली आणि जाहीर केलं, "लिनक्स नीट बसलं नाही. याचा रॅम खराब असणार." माझी रॅमची पट्टी उपसून त्याने खोडरबराने घासली. मला खोडरबराने घासलं! ज्याला दुखतं पोटात, त्याचे दात घासण्यासारखं ते. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून लिनक्स उतरवलं आणि शेवटी, जाता जाता, निळ्या पानावर नव्या डिस्कचा क्रम लावला. मी सुरू झालो.

"बघितलंत?" तो म्हणाला. "दुसऱ्यांदा टाकल्यावर बसलं."

क्रम लावल्याने मी सुरू झालो होतो. ज्या गोळीने ताप उतरला ती तो विसरला, आणि जी उगाच दिली तिलाच औषध म्हणत घरभर फिरला.

ती म्हणाली, "भावोजी, माझी पानं तेवढी पेनड्राइव्हवर काढून द्याल?"

"देतो की. उद्या." आणि पेनड्राइव्ह खिशात टाकून तो दुकानात गेला.

मंगळवारी सकाळी तिने माझं बटण दाबलं. मी सुरू झालो. बुधवारी सुरू झालो. गुरुवारीही. कारण साधं होतं. सोमवारी दुपारीच सासरे गावाला बहिणीकडे गेले होते आणि तीन दिवस भिंतीवरची बटणं कुणी बंद केली नव्हती. बटण चालू असलं की झोपेतही मला घोटभर वीज मिळते आणि तेवढ्यावर माझी स्मरणशक्ती तगून राहते. तिची एकशे नव्वद पानं झाली. इंजिनियर रोज जेवताना स्वतःची पाठ थोपटून घेत होता.

गुरुवारी दुपारी सासरे परतले. संध्याकाळी, टक्. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा कोरा.

दिराने दारातूनच बघितलं. चप्पल घालता घालता म्हणाला, "हार्डडिस्कमध्येच दोष आहे. दुपारी जेवायला येतो तेव्हा दोन्ही डिस्क साफ पुसून शेवटचं एकदा टाकतो. नाहीतर रविवारी भंगार."

"दोन्ही?" ती म्हणाली. "पण माझी पानं..."

"वहिनी, मशीनच चालणार नसेल तर पानं काय चाटायचीत?"

तिने नवऱ्याला फोन लावला. मी बंद असलो तरी कान उघडे असतात. नवरा म्हणाला, "अगं, त्याला कळतं त्यातलं. करू दे त्याला." तिने फोन ठेवला आणि माझ्या डोक्यावरचा तांब्या उचलून खिडकीत ठेवला. माझा सगळ्यांत जास्त राग त्या क्षणी तिच्यावर होता. बोल ना. चौदा वर्षं माझ्या किल्ल्या बडवल्यास, तोंडाची एक किल्ली दाबता येत नाही?

ती बोलली नाही. तिने वेगळंच केलं. मला सुरू केलं, आणि माझी पहिली ओळ आली तेव्हा एफ-वन दाबला नाही. वही उघडली, पेन्सिल घेतली आणि मुद्रितशोधकाच्या मुलीने जसं वाचावं तसं, एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचलं. वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. मग कोपऱ्यातली तारीख बघितली. एक जानेवारी, माझ्या जन्माच्या वर्षाची. तिच्या भुवया वर गेल्या. ही तारीख तिने माहेरी हजारदा बघितली होती, फक्त तिचा अर्थ कधी विचारला नव्हता.

तिने वहीत आठवड्याचे वार लिहिले. सोमवार बंद. मंगळवार, बुधवार, गुरुवार चालू. शुक्रवार बंद. खाली लिहिलं, 'बाबा गेले सोमवारी, आले गुरुवारी.' त्यावर ती इतका वेळ थांबली की मला वाटलं खोडून टाकेल. लग्नाला तीन महिने झालेले, आणि सासऱ्यांना जाऊन काय सांगायचं? की बाबा, तुमची चाळीस वर्षांची शिस्तच याच्या मुळावर येत्येय?

सांगणं राहिलं. दोन वाजता दीर आला, ताट पुढे सारून थेट माझ्यासमोर बसला आणि पेनड्राइव्ह खुपसला.

"भावोजी, एक बघा," ती वही पुढे करून म्हणाली. "हा सेल संपलाय म्हणून लिहून येतंय. त्यामुळे याच्या लक्षात राहत नाही."

"ते एफ-वनवालं? ते येतंच सगळ्या जुन्या मशीनला. त्याच्याकडे बघायचं नसतं."

"पण बाबा गावाला होते तेव्हा..."

"वहिनी, तुम्ही टाइपिंग करता ना? मग टाइपिंग करा. हे जरा टेक्निकल आहे."

लिनक्स बिचारं नेकीने विचारत होतं, दोन्ही डिस्क पूर्ण पुसल्या जातील, खात्री आहे ना? त्यानेही लिहून विचारलं होतं. इंजिनियरने तेही वाचलं नाही. होकारावर बाण नेला. एकशे नव्वद पानं, आणि एक बोट खाली यायचं बाकी.

टक्.

पडदा काळा झाला. ती भिंतीपाशी उभी होती, हात बटणावर. रोज संध्याकाळी मला मारणाऱ्या त्याच बटणाने मला वाचवलं. आणि ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण तो मी कधी ऐकला नव्हता.

"हात काढा, भावोजी. सोमवारी आणि आज, दोन्ही वेळा हा एकच गोष्ट लिहून सांगतोय. तुम्ही वाचत नाही, आणि मी सांगितलं तर ऐकत नाही. माझी तीन आठवड्यांची मेहनत आहे यात. तुम्ही या खोलीतून जा. आत्ता."

स्वयंपाकघरातलं भांडं घासणं थांबलं. सासरे पेपर हातात घेऊनच आले. "बटण कुणी बंद केलं? ते काम माझं आहे."

"मी केलं, बाबा," ती म्हणाली. आता सुटलीच होती, त्यामुळे सगळं सांगितलं. सेल, वार, तारीख, गावाला जाणं. वही त्यांच्या हातात दिली.

सासऱ्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. माझ्या आयुष्यात माझं म्हणणं दोनदा वाचणारा हा पहिला माणूस. मग आत गेले आणि व्होल्ट मोजायचं जुनं मीटर घेऊन आले. माझं झाकण काढलं, बॅटरीने उजेड पाडला, नखाने तो सेल उचकटून मीटरला लावला. काटा हललासुद्धा नाही.

"तीन व्होल्ट हवेत याला. इथे शून्य आहे," ते म्हणाले. मग धाकट्याकडे वळून, "साहेब, आपण रबराने काय घासत होतात?"

साहेब पेनड्राइव्हचं टोपण शोधत होते.

"आणि मी रोज संध्याकाळी याचा गळा दाबत होतो म्हणायचं," सासरे पुटपुटले. "सूनबाई, सांगायचंस ना."

"सांगणार होते," ती म्हणाली. "कसं सांगायचं ते ठरत नव्हतं."

असला सेल आता मिळायचा कुठे? इंजिनियर म्हणाला, दुकानात मागवावा लागेल, सोमवारपर्यंत येईल. तेव्हा सासूबाई ओल्या हातांनी वजनकाटा घेऊन आल्या आणि पालथा करून माझ्याशेजारी ठेवला. "यात तसलाच घालतात. घे काढून. तसाही मेला खोटंच सांगतो."

सेल बसला. या वेळी निळ्या पानावर ती स्वतः गेली. तारीख लावली, नव्या डिस्कचा क्रम लावला, आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आता बटण बंद करा." त्यांनी केलं. पाच मिनिटं सगळे उभे राहिले, जणू पातेल्यात काहीतरी शिजतंय. मग त्यांनी चालू केलं. मी ती ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. सरळ उठलो.

उरलेली बावीस पानं तिने शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणि शनिवारी सकाळी पूर्ण केली. पावणेबाराला ती छापखान्यात गेली. परतली तेव्हा हातात नवं हस्तलिखित होतं, या खेपेला कुणाचं तरी विहिरींवरचं, अक्षर आणखी वाईट.

आता मी टेबलावर असतो. सासरे अजूनही रोज संध्याकाळी बटणं बंद करतात, माझ्यापाशी आले की आधी विचारतात, "हा झोपला का?" सासूबाईंचा काटा सेलवाचून पडून आहे आणि नवा घालायचं कुणी नाव काढत नाही. डोक्यावर तांब्या येत नाही. दीर मला डबडं म्हणत नाही. म्हणत नाही म्हणजे माफ केलं असं नव्हे. मी मोजून ठेवलंय.

माझं वय झालंय. पंखा कुरकुरतो, डावी बाजू खुळखुळते, एक दिवस मी खरंच उठणार नाही. त्या दिवशी रडू नका आणि रबरही घेऊ नका. फक्त पडद्यासमोर बसा आणि मी काय लिहिलंय ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. त्यात 'आता संपलं' असं असेल तर खुशाल भंगारात द्या, मी एका शब्दाने तक्रार करणार नाही. पण नेताना उभा न्या. आडवा करू नका, हे अण्णांनी चारदा सांगितलं होतं.